कमांड किती वेळ खाते ते स्क्रिप्टनं कसं मोजायचं: नवख्यांसाठी, माझ्या चुकांसकट

सोलापुरात एका चादर-टॉवेलच्या होलसेल दुकानाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. म्हणजे बिलिंग पण मीच, बॅकअप पण मीच, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच. रोज रात्री बिलिंगचा सगळा डेटा एका मोठ्या फाइलमध्ये निघतो, साधारण सव्वा जीबी, ती जीझिपनं (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम) दाबायची आणि बाहेर पाठवायची. दाबायलाच ४०-४२ सेकंद जायचे. मला कळलं की जीझिपला डॅश १ दिलं की फाइल थोडी मोठी राहते पण काम लई फास्ट होतं, म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, कमांड दहा वेळा चालवली, सरासरी काढली, आली ४ सेकंद. चाळीसवरून चार! लगेच शेठना सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग बघितला तर ४१ सेकंद. शेठ म्हणाले, "काय की बाबा, तुझं चार सेकंद कुठं गेलं?"

कुठं गेलं ते पुढं सांगतो. पण त्यानंतर आठवडाभर डोकं खाजवून जे शिकलो ते इथं लिहून ठेवतोय, म्हणजे तुमचा आठवडा तरी वाचेल.

एक आधीच सांगतो, कमांडी मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं, साधारण सगळी लहान अक्षरं. जिथं मोठी अक्षरं लागतात तिथं सांगितलंय.

काय काय लागतं

- लिनक्सचं मशीन. उबुंटू, डेबियन काहीही चालेल. विंडोजवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.
- बॅश, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांडी चालवणारा शेल, शक्यतो ५.० किंवा पुढचं. मॅकवर जे आपोआप येतं ते ३.२ आहे, त्यात खालची एक युक्ती चालत नाही.
- पायथॉन ३.
- जीएनयूचा टाइम प्रोग्राम. बऱ्याच मशीनवर नसतो, टाइम याच नावाचं पॅकेज इन्स्टॉल करा.
- हायपरफाईन, वेळ मोजायचं तयार हत्यार, हे नंतर घेतलं तरी चालेल.
- खऱ्या कामाची खरी फाइल. १० केबीच्या नमुन्यावर मोजलं आणि रात्री सव्वा जीबीवर चालवलं तर त्या मोजण्याला काही अर्थ नाही.
- वही किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांची साधी फाइल). आकडे डोक्यात ठेवायचे नाहीत.

१. आधी ठरवा, नक्की कशाचा वेळ पाहिजे

हे सगळे टाळतात, मीपण टाळलं. "प्रोग्राम किती फास्ट आहे" हा प्रश्नच अर्धवट आहे. रात्री एकदाच चालणारं काम आहे का? मग मशीनला त्या फाइलची काही आठवण नसताना लागणारा वेळ महत्त्वाचा. का दिवसभरात एकच छोटी कमांड हजार वेळा चालते? मग प्रोग्राम सुरू व्हायलाच किती लागतो ते बघायचं, आतलं काम किरकोळ. का दोन प्रोग्राममधला कुठला घ्यायचा एवढंच ठरवायचंय? मग आकडा किती यापेक्षा दोघांना सारखी वागणूक मिळाली का हे बघायचं.

कागदावर एक ओळ लिहा. माझी आता अशी आहे: "रात्री ११ वाजता, दिवसभर न उघडलेली फाइल, एकदाच दाबायला किती वेळ." ही ओळ पहिल्या दिवशी लिहिली असती तर शेठसमोर तोंड पडलं नसतं.

२. स्क्रिप्टच्या आधी हातानं एकदा टाइम लावून बघा

कमांडच्या पुढं टाइम लिहा आणि एंटर मारा. खाली तीन ओळी येतात, रिअल, युजर आणि सिस.

इथं पहिली गंमत. टाइम नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं टाइम लिहिलं की बॅशचा स्वतःचा शब्द चालतो, तो कुठला प्रोग्राम नाही. /यूएसआर/बिन/टाइम असा पूर्ण पत्ता लिहिला की जीएनयूचा वेगळा प्रोग्राम चालतो. बॅशवाला मिलिसेकंदापर्यंत दाखवतो, जीएनयूवाला सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच, पण त्याला डॅश व्ही दिलं की मेमरी जास्तीत जास्त किती खाल्ली, डिस्कवरून पानं किती वेळा आणावी लागली असं बरंच काही सांगतो. मेमरीचा आकडा मला लई कामाचा वाटतो, कारण दुकानातलं जुनं मशीन ४ जीबीचं आहे आणि काही प्रोग्राम फास्ट असतात ते सगळी रॅम गिळून.

दुसरा फरक पाइपमध्ये. दोन कमांडी पाइपनं जोडल्या, म्हणजे एकीचा आउटपुट दुसरीला इनपुट दिला, आणि पुढं बॅशचा टाइम लावला तर अख्ख्या साखळीचा वेळ येतो. पूर्ण पत्त्याचा टाइम लावला तर फक्त पहिल्या कमांडचा. माझ्या एका मित्रानं दोन दिवस याच्यावर वाद घातला, दोघांचे आकडे वेगळे आणि दोघं बरोबर.

आणि हो, टाइमचं उत्तर एरर आउटपुटवर येतं, साध्या आउटपुटवर नाही. म्हणून फाइलमध्ये वळवायला गेलं की फाइल रिकामी दिसते. बॅशवाला वापरत असाल तर टाइम आणि कमांड दोन्ही महिरपी कंसात घालून मग एरर आउटपुट फाइलमध्ये वळवा.

३. रिअल, युजर, सिस म्हणजे काय ते नीट समजून घ्या

इथं घाई करू नका, पुढचं सगळं याच्यावर आहे.

समजा सोलापूर स्टँडवरून एसटीनं पुण्याला निघालात. बसल्यापासून स्वारगेटला उतरेपर्यंत घड्याळात जेवढा वेळ गेला तो रिअल. त्यात गाडी इंदापूरला चहाला थांबली, टोलनाक्यावर उभी राहिली, ते सगळं धरलं. पण इंजिननं खरं काम केलं तो वेळ त्याच्यापेक्षा कमी. तसं प्रोग्रामचा स्वतःचा कोड प्रोसेसरवर चालला तो वेळ युजर, आणि प्रोग्रामच्या वतीनं कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, फाइल वाचणं, मेमरी देणं असली कामं केली तो सिस.

आता युजर आणि सिसची बेरीज रिअलच्या जवळपास असेल तर प्रोसेसर राबतोय, प्रोग्राम बदलून फायदा होऊ शकतो. बेरीज रिअलच्या निम्मी नाहीतर पावच असेल तर प्रोग्राम कशाची तरी वाट बघत बसलाय, डिस्कची, नेटची किंवा दुसऱ्या प्रोग्रामची. अशा वेळी प्रोग्राम बदलून काही होत नाही.

आणि कधी कधी बेरीज रिअलपेक्षा जास्त येते, तेव्हा घाबरायचं नाही. चार बायका भाकरी थापायला बसल्या, तासात काम उरकलं, घड्याळात एक तास गेला पण मजुरी चार तासांची झाली. पिगझी (जीझिपचंच काम करणारा प्रोग्राम) एकाच वेळी प्रोसेसरचे बरेच कोअर वापरतो, ओळी क्रमानं लावणारा जीएनयूचा सॉर्टपण मोठ्या फाइलवर तसंच करतो. घाईच्या कामाला रिअल बघा, पण त्याच मशीनवर त्याच वेळी बिलिंगपण चालू असेल तर मजुरीसुद्धा बघा, कारण ती कुणाच्या तरी वाट्यातून जाते.

४. बॅशमधली छोटी स्क्रिप्ट

साधं काम असेल तर एवढ्यावर भागतं. फॉर लूप लावा, आत कमांडच्या आधी वेळ घ्या, नंतर वेळ घ्या, वजाबाकी करा, ओळ फाइलला जोडा.

वेळ घेताना बहुतेक जण डेट कमांड वापरतात. चालतं, पण डेट हा स्वतःच बाहेरचा प्रोग्राम आहे, तो सुरू व्हायलाच एखाद-दुसरा मिलिसेकंद जातो. चाळीस सेकंदाच्या कामाला काही फरक पडत नाही, पण ५ मिलिसेकंदाच्या कमांडचं मोजमाप त्यानं बिघडतं. बॅश ५.० मध्ये, म्हणजे २०१९ पासून, ईपॉकरिअलटाइम नावाचं व्हेरिएबल आहे, सगळी मोठी अक्षरं आणि सगळं एकत्र. ते वाचलं की मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ मिळते, वेगळा प्रोग्राम लागत नाही. बॅशला दशांशाची गणितं येत नाहीत, त्यामुळं त्यातला टिंब काढून टाकायचा, टिंबानंतर कायम सहाच आकडे असतात, म्हणजे सरळ मायक्रोसेकंदातला पूर्णांक मिळतो आणि वजाबाकी होते.

५. पायथॉनमधली नीट स्क्रिप्ट

मी आता हीच वापरतो. ओळीनं सांगतो, कोड तुमचा तुम्ही लिहा, पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

- टाइम, सबप्रोसेस, रिसोर्स, स्टॅटिस्टिक्स आणि सीएसव्ही ही मॉड्यूल इम्पोर्ट करा. सगळी पायथॉनसोबतच येतात.
- कमांड एका लांब वाक्यासारखी लिहू नका, लिस्ट करा. प्रोग्रामचं नाव एक, प्रत्येक ऑप्शन वेगळा, फाइलचं नाव वेगळं.
- चालवायच्या आधी रिसोर्समधला गेटआरयूसेज बोलवून मुलांचा, म्हणजे स्क्रिप्टनं चालवलेल्या प्रोग्रामांचा (चाइल्ड प्रोसेस), हिशोब घ्या. ऑप्शनचं नाव आरयूसेज अंडरस्कोर चिल्ड्रन, मोठी अक्षरं. हा आतापर्यंत संपलेल्या सगळ्या चाइल्ड प्रोसेसचा युजर आणि सिस वेळ सांगतो.
- परफ अंडरस्कोर काउंटरनं सुरुवातीची वेळ घ्या.
- सबप्रोसेस डॉट रनला कमांड द्या. इनपुट डेव्हनलला (काहीच न देणारी आणि आत टाकलेलं सगळं गिळणारी फाइल, पायथॉनमध्ये मोठी अक्षरं) जोडा, म्हणजे प्रोग्राम "होय का नाही" विचारत रात्रभर बसणार नाही. आउटपुट आणि एरर वेगवेगळ्या फाइलमध्ये. टाइमआउट, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं ते, पण द्या.
- परत आल्या आल्या परफ काउंटर घ्या. मधे प्रिंट घालू नका, मी घातला होता.
- रिटर्नकोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, शून्य आहे का बघा. नसेल तर तिथंच थांबा, आकडा लिहूच नका.
- परत गेटआरयूसेज, आधीच्यातून वजा, सगळं सीएसव्हीत.

वेळेसाठी टाइम डॉट टाइम का नाही? कारण ते भिंतीवरचं घड्याळ आहे. मशीन नेटवरून वेळ जुळवून घेतं तेव्हा ते घड्याळ मागंपुढं सरकू शकतं, आणि नेमकं तुमच्या मोजणीत सरकलं तर उत्तर उणे पण येऊ शकतं. परफ काउंटर कधी मागं जात नाही, त्याचा आकडा नुसता बघून काही कळत नाही पण दोन आकड्यांतला फरक पक्का असतो. पायथॉन ३.३ पासून आहे, म्हणजे जुन्या मशीनवर पण मिळेल.

शेल बरोबर ट्रू (बरोबर म्हणजे = हे चिन्ह, ट्रूचं पहिलं अक्षर मोठं) असं लिहायचा मोह होतो, कारण मग कमांड जशीच्या तशी चिकटवता येते. टाळा. त्यानं मधे एक शेल उभा राहतो, त्याचा वेळ तुमच्या प्रोग्रामच्या नावावर चढतो, वर टाइमआउट झाला की शेल मरतो आणि खरा प्रोग्राम मागं चालूच राहू शकतो.

अजून एक, सबप्रोसेसमधलाच पॉपेन (पहिलं अक्षर मोठं) वापरून आउटपुट पाइपला जोडला आणि न वाचता वेट म्हणालात तर अडकाल. लिनक्समध्ये पाइपची टाकी साधारण ६४ केबीची असते, ती भरली की प्रोग्राम थांबतो, तुमची स्क्रिप्ट प्रोग्राम संपायची वाट बघते, प्रोग्राम टाकी रिकामी व्हायची वाट बघतो. दोघं "पहले आप" करत बसतात. नवशिक्याला वाटतं प्रोग्राम स्लो आहे. छोट्या फाइलवर हे होत नाही, म्हणून कळतच नाही.

मेमरीचा आकडा पण याच गेटआरयूसेजमधून मिळतो, लिनक्सवर केबीत आणि मॅकवर बाइटमध्ये. पण तो आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या मुलाचा असतो, वजाबाकी करून उपयोग नाही. प्रत्येक प्रोग्रामसाठी स्क्रिप्ट नव्यानं चालवा.

शेवटचं, आधी स्क्रिप्टचंच माप काढा. /बिन/ट्रू नावाचा प्रोग्राम काहीच करत नाही, फक्त "झालं" म्हणून परत येतो. तो शंभर वेळा मोजा. जो आकडा येईल तो तुमच्या तराजूचं पारडं. पोत्याचं वजन करताना बारदान वजा करतो की नाही, तसंच. तुमच्या प्रोग्रामचा वेळ या पारड्याच्या आसपासच असेल तर तुम्ही प्रोग्राम नाही, प्रोसेस उभी करायचा खर्च मोजताय.

६. काम खरंच झालं का? माझे चार सेकंद इथं गेले

सगळ्यात फास्ट प्रोग्राम कुठला माहितीय? जो फेल होतो तो.

मी लूपमध्ये जीझिपला डॅश के दिलं होतं, म्हणजे मूळ फाइल ठेव. पहिल्या फेरीत त्यानं ४० सेकंद घेऊन दाबलेली फाइल बनवली. दुसऱ्या फेरीत त्याला दिसलं की या नावाची फाइल आधीच आहे. समोर माणूस बसलेला असता तर त्यानं विचारलं असतं की पुसून लिहू का. पण स्क्रिप्टमध्ये इनपुटला माणूस नव्हता, म्हणून "आधीच आहे, लिहिली नाही" असं एरर आउटपुटवर बोलून, रिटर्नकोड २ देऊन, क्षणात बाहेर. पुढच्या नऊ फेऱ्या अशाच. आणि एरर आउटपुट मी नलमध्ये टाकलेला, कारण स्क्रीनवर कचरा नको होता. चाळीस अधिक नऊ वेळा जवळपास शून्य, भागिले दहा. चार.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. प्रत्येक फेरीच्या आधी मागच्या फेरीचा आउटपुट पुसा, आणि हे पुसणं घड्याळ सुरू व्हायच्या आधी करा. रिटर्नकोड कायम तपासा. आणि निदान एका फेरीचा निकाल उघडून बघा, दाबलेली फाइल असेल तर जीझिप डॅश टी लावून तपासा, साइज बघा, सोडवून मूळ फाइलशी जुळते का बघा. ग्रेपसारख्या, म्हणजे फाइलमध्ये शब्द शोधणाऱ्या, प्रोग्राममध्ये थोडं वेगळं आहे, काही सापडलं नाही तर ग्रेप १ देतो, ती चूक नाही, २ आला तर चूक. प्रत्येक प्रोग्रामचं मॅन्युअल बघा.

७. आउटपुट कुठं पाठवताय ते बघा

टर्मिनलवर हजारो ओळी सोडल्या तर तुम्ही टर्मिनलची ओळी रंगवायची ताकद मोजताय. म्हणून लोक आउटपुट डेव्हनलमध्ये टाकतात, मीपण टाकायचो. पण काही प्रोग्राम लई हुशार आहेत.

जीएनयूचा ग्रेप बघतो की आउटपुट डेव्हनलला चाललाय, म्हणजे ओळी कुणी वाचणार नाही, म्हणून पहिली जुळणारी ओळ सापडली की तिथंच काम बंद. एक जीबीची फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत "शोधून" होते. जीएनयूचा टार, म्हणजे बऱ्याच फाइली एका आर्काइव्हमध्ये बांधणारा प्रोग्राम, तर त्याच्याही पुढं, आर्काइव्ह डेव्हनलला असेल तर फाइलींच्या आतला मजकूर वाचतच नाही, नुसती नावं आणि साइज बघतो. तुम्ही म्हणता वा काय स्पीड!

उपाय साधा, मधे पाइपनं कॅट (जे मिळेल ते तसंच पुढं सोडणारी कमांड) घाला आणि कॅटचा आउटपुट नलला द्या, किंवा खऱ्या फाइलमध्ये लिहा. मी फाइलमध्येच लिहितो, कारण रात्रीच्या खऱ्या कामात पण फाइलच लिहिली जाते.

८. गार तवा आणि तापलेला तवा

पहिली भाकरी तवा तापेपर्यंत वेळ खाते, नंतरच्या पटापट होतात. मशीनचं तसंच. एकदा वाचलेली फाइल लिनक्स मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतो, दुसऱ्यांदा मागितली की डिस्कला हातच लावत नाही.

सहाव्या पायरीतली चूक सुधारून मी परत दहा फेऱ्या घेतल्या. पहिली ४० सेकंद. दुसरी १२. तिसरी १२. पुढच्या सगळ्या १२ च्या आसपास. मी परत खुश, म्हटलं पहिली फेरी काहीतरी गडबड असणार, टाकून द्या. आणि नेमकी तीच खरी होती! रात्री ११ वाजता त्या फाइलला दिवसभर कुणी हात लावलेला नसतो, माझा तवा रोज गारच असतो.

गार तव्यावर मोजायचं असेल तर प्रत्येक फेरीच्या आधी सिंक कमांड द्या आणि मग रूट (मशीनचा मुख्य युजर) होऊन /प्रोक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस या फाइलमध्ये ३ लिहा. डेटा जात नाही, फक्त रॅममधल्या प्रती सोडल्या जातात. तरी दुकान चालू असताना मेन मशीनवर करू नका, काउंटरवरचा माणूस बिल निघेना म्हणून ओरडतो.

तापलेल्या तव्यावर मोजायचं असेल तर आधी दोन-तीन फेऱ्या न मोजता चालवा. दोन्ही बरोबर आहे, फक्त कागदावरच्या ओळीला कुठलं जुळतं ते बघा आणि दोन्हींची भेळ करू नका.

९. किती फेऱ्या, कुठल्या क्रमानं

एका फेरीवर कधीच विश्वास नाही. दहा तरी घ्या, काम फार लांबलचक असेल तर पाच.

दोन प्रोग्रामची तुलना असेल तर आधी पहिल्याच्या दहा आणि मग दुसऱ्याच्या दहा असं करू नका. एक पहिला, एक दुसरा, एक पहिला, एक दुसरा. मधे मशीन तापलं, कुठला अपडेट सुरू झाला तर त्याचा मार दोघांना सारखा बसतो.

मग सरासरी का मधला आकडा? समजा पाच फेऱ्या आल्या, १२.१, १२.०, १२.३, १९.८, १२.१. सरासरी १३.६६, जो वेळ एकाही फेरीला लागलेला नाही. लहान-मोठे क्रमानं लावून मधला घेतला तर १२.१. मी मधला लिहितो, शेजारी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त पण लिहितो. आणि तो १९.८ पुसून टाकायचा नाही, का आला ते शोधायचं. सगळ्या कच्च्या फेऱ्या सीएसव्हीत ठेवा, बरोबर तारीख, वेळ, प्रोग्रामचं व्हर्जन आणि मशीन. सहा महिन्यांनी नुसता "१२.१" बघून तुम्हालाच काही आठवणार नाही.

दोन प्रोग्राममधला फरक त्यांच्या स्वतःच्या फेऱ्यांतल्या फरकापेक्षा कमी असेल तर सरळ म्हणा की फरक दिसत नाही. भांडत बसू नका.

१०. मशीनची तब्येत, आणि आपलं ऊन

हे पुण्या-मुंबईच्या एसीत बसून लिहिणारे नीट सांगत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर, आमचं मशीन पहिल्या मजल्यावर पत्र्याखाली. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तीच स्क्रिप्ट, तीच फाइल, दुपारी २ ला वेगळा आकडा आणि पहाटे ५ ला वेगळा. मला वाटायचं मीच काहीतरी बिघडवलंय. सेन्सर्स कमांडनं तापमान बघा, फेऱ्यांच्या मधे थोडी विश्रांती द्या, टेबल फॅन लावला तरी फरक दिसतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच मोजा. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वेग उतरवतो, स्क्रिप्ट मात्र काही न बोलता चालूच राहते. लाइट गेली-आली त्या वेळेच्या फेऱ्या सरळ रद्द. सीपीयूपॉवर नावाच्या कमांडनं गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारं सेटिंग, बघता येतो, पॉवरसेव्ह आहे का परफॉर्मन्स. तुलना करताना काहीही ठेवा पण दोन्हीकडं एकच ठेवा.

ब्राउझर बंद करा. यूट्यूब तर बंद कराच.

११. डेटा मराठीत असेल तर

गिऱ्हाइकांच्या नावांची यादी सॉर्ट करायची होती. कमांडच्या पुढं एलसी अंडरस्कोर ऑल बरोबर सी (इथंही बरोबर म्हणजे =) लिहिलं, हे सगळं मोठ्या अक्षरांत, की सॉर्ट बराच फास्ट होतो, कारण मग तो भाषेचे नियम न बघता नुसते बाइट ताडून बघतो. पण मग क्रम युनिकोडच्या तक्त्याप्रमाणे लागतो आणि त्या तक्त्यात ळ हा ल आणि व च्या मधे बसलाय. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. म्हणजे "केवळ" नावाचं दुकान आणि "केळकर" यांचा क्रम उलटा लागणार. नुसते डुप्लिकेट काढायचे असतील तर बिनधास्त वापरा, यादी छापून माणसाच्या हातात द्यायची असेल तर नको. वेळ मोजताना दोन्ही बाजूंना हे सेटिंग एकच आहे ना ते बघा, नाहीतर तुम्ही प्रोग्राम नाही, भाषेचे नियम मोजाल.

१२. तयार हत्यार, हायपरफाईन

"एवढं सगळं आधी का नाही सांगितलं" म्हणाल, पण वरचं कळल्याशिवाय याचे आकडे कळत नाहीत. हायपरफाईनला दोन-तीन कमांडी अवतरणचिन्हांत द्या, तो स्वतःच प्रत्येकीच्या कमीत कमी दहा फेऱ्या घेतो, शेलचा वेळ वजा करतो, रिटर्नकोड शून्य नसेल तर थांबतो, विचित्र फेऱ्या आल्या तर बोलून दाखवतो. वॉर्मअप ऑप्शननं तवा तापवता येतो, प्रिपेअर ऑप्शननं प्रत्येक फेरीआधी जुना आउटपुट पुसता येतो किंवा कॅश, म्हणजे रॅममधल्या प्रती, सोडता येते. कमांड ५ मिलिसेकंदाच्या आत संपत असेल तर आकड्यावर फार विसंबू नका असंही तोच सांगतो, तेव्हा डॅश मोठा एन देऊन शेल मधून काढून टाका. निकाल जेसन किंवा सीएसव्हीत निघतो.

एकच गोष्ट खटकते, एका कमांडच्या सगळ्या फेऱ्या संपवून मग दुसरीकडं जातो. आलटून पालटून पाहिजे म्हणून मी अजून माझी पायथॉनची स्क्रिप्ट सोडलेली नाही.

विंडोजवाल्यांसाठी

पॉवरशेलमध्ये मेझर-कमांड आहे, महिरपी कंसात कमांड द्यायची. तो फक्त घड्याळाचा वेळ देतो, युजर-सिस नाही, आणि आउटपुट गिळून टाकतो, त्यामुळं काम झालं का ते वेगळं बघावं लागतं. पायथॉनची स्क्रिप्ट चालते, फक्त रिसोर्स मॉड्यूल विंडोजवर नाही, ते काढून टाका. अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासतो तो वेळ पण तुमच्याच खात्यावर लागतो. डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर फाइल लिनक्सच्या बाजूला कॉपी करून मग मोजा, सी ड्राइव्हवरून लिनक्समध्ये वाचणं भलतंच स्लो असतं आणि दोष बिचाऱ्या प्रोग्रामवर येतो.

मग माझ्या जीझिपचं काय झालं?

गार तव्यावर नीट मोजलं तेव्हा डॅश १ ला रिअल ४०, युजर आणि सिस मिळून ११. नेहमीच्या जीझिपला, म्हणजे लेव्हल ६ ला, रिअल ४२ आणि बेरीज ३३. म्हणजे प्रोसेसरचं काम खरंच तिपटीनं कमी झालं होतं, पण घड्याळाला त्याचा पत्ता नव्हता, कारण बिलिंगची फाइल जुन्या यूएसबी २ च्या बाहेरच्या डिस्कवर होती आणि ती सेकंदाला ३० एमबीच्या वर देतच नव्हती. दोन्ही प्रोग्राम तिच्या दारात उभे. फाइल आतल्या एसएसडीवर निघेल असं सेटिंग केलं, प्रोग्रामला हात लावला नाही, डॅश १ तसंच ठेवलं, रात्रीचा लॉग १३ सेकंद.

शेठना या वेळी आठ दिवस लॉग बघूनच सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे शटर ओढायच्या आधी होईल ना?" म्हटलं, होईल.